वाहनप्रतिकृती-दृश्य (डायोरामा)

मोटारगाडी, रणगाडा, विमान इ. वाहनांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती सभोवतालच्या परिसरासह मांडून उभारलेले त्रिमितीय दृश्य.

उगम : लुई दागेर व शार्ल बूताँ यांनी १८२२ मध्ये पॅरिस येथे दाखविलेल्या, प्रकाशयोजनेने पालटणाऱ्या भव्य चित्रदृश्यांवरून ही संज्ञा आली (पहा : दागेर, लुई). दुसऱ्या महायुद्धानंतर एअरफिक्स (ब्रिटन), तामिया (जपान) इ. कंपन्यांच्या प्लॅस्टिक जोडसंचांमुळे या छंदाचा प्रसार झाला. १९७० च्या दशकात अमेरिकेतील शेपर्ड पेन यांची दृश्ये व कृतिपत्रके मोनोग्राम कंपनीच्या संचांबरोबर प्रसिद्ध झाली.

वैशिष्ट्ये : रणगाड्यांसाठी १:३५, विमानांसाठी १:७२ व १:४८, तर मोटारींसाठी १:२४ ही प्रमाणे रूढ आहेत. १:३५ प्रमाणात ७ मी. लांबीचा रणगाडा २० सेंमी. भरतो. सुटे भाग चौकटीपासून कापून, कानशीने घासून चिकटवतात व रंगफवाऱ्याने रंगवतात. कडांवरचे उडालेले रंग, पट्ट्यांतला चिखल, धुराड्याजवळची काजळी व गंज पातळ रंगथरांनी दाखवतात. जमिनीसाठी प्लॅस्टर व वाळू, झुडपांसाठी वाळलेली मुळे वापरतात (पहा : प्लॅस्टिके).

महत्त्व : युद्धप्रसंग व वाहतुकीचा इतिहास समजावण्यासाठी संग्रहालयांत अशी दृश्ये मांडतात (पहा : संग्रहालये). इंटरनॅशनल प्लॅस्टिक मॉडेलर्स सोसायटी या ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या विविध देशांतील शाखा प्रतिकृतींच्या स्पर्धा व प्रदर्शने भरवतात.