वैमानिक प्रशिक्षण आणि विद्यार्थी-व्हिसा

वैमानिक प्रशिक्षण आणि विद्यार्थी-व्हिसा : व्यावसायिक वैमानिकाचे शिक्षण घेण्यासाठी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यावर त्या देशाच्या प्रवेशनियमांमुळे येणारी बंधने व त्यांचे परिणाम. हे शिक्षण वर्षांत नव्हे, तर उड्डाणतासांत मोजले जाते. भारतात परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते व ते अर्जापूर्वीच्या पाच वर्षांतील असावे लागते. हे तास हवामान, विमानाची दुरुस्ती व परीक्षकाची सवड यांवर अवलंबून असतात. व्हिसाची मुदत मात्र दिनदर्शिकेप्रमाणे सरते. अडचणीचे मूळ या विसंगतीत आहे.

भारतात संघटित उड्डाण-शिक्षण १९२८ च्या सुमारास फ्लाइंग क्लबांमुळे सुरू झाले. मुंबईच्या क्लबात शिकलेल्या जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी परवाना मिळाला. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या हवाई दलाचे पहिले हिंदी वैमानिक इंग्लंडमधील क्रॅनवेल येथे शिकले. ते ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन असल्याने व्हिसाचा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. पुढे फुरसतगंज (१९८५) व गोंदिया (२००८) येथे मोठ्या संस्था निघाल्या, तरीही विमानांची व धावपट्ट्यांची विपुलता यांमुळे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांकडे (अ. सं. सं.) ओढा कायम राहिला.

तेथील नियम ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर कडक झाले. अपहरणकर्त्यांपैकी मोहम्मद अत्ता व मारवान अल्-शेही हे फ्लॉरिडात विमान चालविण्यास शिकले होते. देशात मात्र ते अभ्यागतांच्या व्हिसावर शिरले होते. त्यांना विद्यार्थी-दर्जा मंजूर झाल्याची कागदपत्रे त्या संस्थेकडे मार्च २००२ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांनी, पोहोचली. कारभाराची याहून मोठी शोभा क्वचितच झाली असेल. त्यानंतर विद्यार्थ्यांची संगणकीय नोंद व परदेशी उड्डाण-विद्यार्थ्यांची सुरक्षाविषयक पूर्वतपासणी या पद्धती रूढ झाल्या.

व्यावसायिक शिक्षणाचा एम-१ व्हिसा आरंभी जास्तीत जास्त एक वर्षाचा वास्तव्यकाल देतो. मुदतवाढ धरून मर्यादा तीन वर्षांची. शिकत असताना नोकरी करता येत नाही. अभ्यासक्रम संपल्यावर दर चार महिन्यांच्या शिक्षणामागे एक महिना, आणि एकूण फार तर सहा महिने, व्यावहारिक अनुभव घेता येतो. जे-१ व्हिसावर मात्र शिकून झाल्यावर तेथेच प्रशिक्षकाची नोकरी करीत उड्डाणतास वाढविता येत. जून २०१० नंतर अ. सं. सं. च्या परराष्ट्र खात्याने उड्डाण-प्रशिक्षणापुरता हा मार्ग बंद केला. परदेशी विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा बदल सुरक्षा-तपासणीपेक्षाही जाचक ठरला. कारण तपासणीने विलंब होतो, तर यामुळे कमाईसह अनुभव मिळविण्याची एक मोठी संधीच गेली.

रायगड जिल्ह्यात पनवेलजवळील नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी वाहतूक सुरू झाली. पेण व रोहे ही गावे पनवेलला लोहमार्गाने जोडलेली आहेत. विमान असे दाराशी आले, तरी तेथील तरुणाला वैमानिक होण्यासाठी बारामती, धुळे, गोंदिया गाठावे लागते किंवा मुंबईतील अमेरिकी वकिलातीत मुलाखत द्यावी लागते. मे २०२५ अखेर विद्यार्थी-व्हिसाच्या नव्या मुलाखतींचे नियोजन काही आठवडे थांबविण्यात आले व जूनमध्ये समाजमाध्यमांवरील नोंदींच्या तपासणीची अट घालून पुन्हा सुरू झाले. अशा खंडात भरलेले शुल्क अडकून पडते व वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत सरत राहते. ज्याची मुदत परदेशात तास पूर्ण होण्यापूर्वी संपते, त्याला उरलेले तास भारतातील एखाद्या संस्थेत, पुन्हा शुल्क भरून, पुरे करावे लागतात.