एका भूकंपाच्या दोन तारखा

कोयनानगरचा भूकंप केव्हा झाला? आपल्याकडे जाणती माणसे सांगतील, ११ डिसेंबर १९६७ रोजी, पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी. दीडशेंहून अधिक माणसे त्यात दगावली. परंतु भूकंपांची जागतिक नोंदवही उघडावी, तर तेथे तारीख आढळते १० डिसेंबर, रात्रीचे १० वाजून ५१ मिनिटे. चूक कोणाचीच नाही. ती नोंदवही ग्रीनिचच्या वेळेने चालते आणि आपले घड्याळ साडेपाच तास पुढे. शिवाय पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. त्या हिशेबाने आपल्याकडेही अजून रविवारच होता!

माणसाला हा घोटाळा क्षणात उमगतो. यंत्र मात्र, त्याला कोणी सांगितले नाही, तर दोन भूकंप मोजून मोकळे होते. धरणाचे पाणी आणि भूकंप यांचा संबंध शोधणारे देशोदेशींचे अभ्यासक कोयनेच्या नोंदींकडे वळतात. तेथे एकाचे दोन झाले, तर अनुमानाचा पायाच डळमळावयाचा.

ही अडचण संगणकाहून जुनी आहे. खडकांचे थर देशांच्या सीमा मानीत नाहीत, नकाशे मानतात. एकाच थराला एका देशात एक नाव नि रंग, शेजारी दुसरा, अशी गत होती. १८८१ साली इटलीतील बोलोन्या येथे भूगर्भशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने हा तंटा हाती घेतला. जुरासिक थरांना निळा, क्रिटेशस थरांना हिरवा, असे रंग ठरले. साऱ्या युरोपचा एक नकाशा काढण्याचेही ठरले.

पुढे १ जुलै १९५७ ते ३१ डिसेंबर १९५८ असे अठरा महिन्यांचे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष पाळले गेले. शीतयुद्ध ऐन भरात होते; तरीही नोंदींचा एक साठा अमेरिकेत, दुसरा सोव्हिएट रशियात आणि तिसरा युरोप, जपान आदी देशांत विभागून ठेवला गेला. मन मोठे झाले होते. पण त्या नोंदींचा अर्थ लावावयास माणूसच लागे.

१९८९ साली वेबची कल्पना मांडणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी २००१ साली हेंडलर व लासिला यांच्यासह ‘सिमँटिक वेब’चा विचार लोकांपुढे ठेवला. यंत्राला अक्षरांबरोबर अर्थही कळावा. त्यासाठी प्रत्येक संकल्पनेला जगभर एकच ओळख द्यावी व तिची इतरांशी नाती नोंदवावीत, असा तो विचार. मार्च २००७ मध्ये इंग्लंडातील ब्रायटन येथे ‘वन-जिऑलॉजी’ उपक्रमाची आखणी झाली. प्रत्येक देशाने आपला नकाशा आपल्याच संगणकावर ठेवावा आणि मागणाऱ्याला तेथूनच पुरवावा, अशी ती योजना. खडकांचे वर्णन सर्वांना एकसारखे कळावे म्हणून ‘जिओ-एस-सी-एम-एल’ ही सामाईक परिभाषाही पुढे आली.

पण परिभाषा यंत्र ठरवीत नाही. त्यासाठी बोलोन्याप्रमाणेच माणसांना एकत्र बसावे लागते, वाद घालावा लागतो, आपला शब्द प्रसंगी सोडावा लागतो. नुसती नोंद दिल्याने ज्ञान दिल्यासारखे होत नाही. तिचा अर्थही सोबत द्यावा लागतो. ‘ही वेळ कोणत्या घड्याळाची’ एवढे चार शब्द नोंदणाऱ्याने लिहिले, तर दोन्ही तारखा खऱ्या राहतात आणि भूकंपही एकच राहतो. कोयनेच्या खोऱ्यात तो प्रलय एकदाच झाला होता.