टाळेबंदीतला आपला चित्रगट

स्मरणिकेच्या संपादक मंडळानं "सोसायटीच्या सांस्कृतिक वाटचालीवर चार पानं लिहा" असं सांगितलं, तेव्हा गणेशोत्सव, कोजागरी, हळदीकुंकू हे सगळं डोळ्यांपुढं आलं. त्यांचे फोटो या अंकात इतरत्र आहेतच. मी त्यातला एकच विषय उचलला आहे. पंचवीस वर्षांत आपल्याकडं एक उपक्रम असा झाला की ज्याचा एकही सामूहिक फोटो नाही. कारण त्यातली माणसं त्या काळात एकदाही एका जागी बसली नाहीत. तो म्हणजे २०२० सालच्या टाळेबंदीतला आपला चित्रगट.

या गटाला नाव नव्हतं, अध्यक्ष नव्हता, वर्गणी नव्हती. त्यामुळं सोसायटीच्या इतिवृत्तात त्याची नोंद नाही. नोंद आहे ती माझ्या दोनशे पानी वहीत. शाळेत हजेरी मांडायची सवय, म्हणून मी रोज तारीख, विषय आणि कुणाचं चित्र आलं एवढं लिहून ठेवत गेले. हा लेख त्या वहीवरून लिहिला आहे.

पण थोडं मागं जाऊया. आपण पलूसकर द्राक्षं, बेदाणा, ऊस यांच्या गप्पा जितक्या मारतो तितक्या चित्रांच्या मारत नाही. खरं तर आपल्या या मातीचं चित्राशी नातं जुनं आहे. हाकेच्या अंतरावरची किर्लोस्करवाडी घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे निघाले होते चित्रकार व्हायला. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. काही रंग त्यांना नीट ओळखता येत नाहीत हे पुढं लक्षात आलं आणि रंगकाम सोडावं लागलं. मग ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडं वळले, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. पुढं बेळगावातली कारखान्याची जागा सोडायची वेळ आली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला. निवडुंग आणि सापांचा तो माळ. १९१० साली तिथं वाडी वसली. माळ देणारे बाळासाहेबही स्वतः चित्रकार. त्यांचं 'चित्ररामायण' १९१६ साली प्रसिद्ध झालं आणि १९३८ साली त्यांनी औंधच्या डोंगरावर चित्र-शिल्पांचं संग्रहालय उभं केलं. म्हणजे रंग सोडावे लागलेला एक माणूस आणि चित्रं काढणारा एक राजा, या दोघांच्या स्नेहातून आपल्या शेजारचं गाव उभं राहिलं.

त्याच वाडीतून लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' काढलं. त्याचंच पुढं 'किर्लोस्कर' मासिक झालं. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' आलं. शंकररावही चित्रकला शिकलेले. ही मासिकं टपालानं घरोघरी जायची. ज्या बायकांना त्या काळी उंबरा सहजी ओलांडता येत नव्हता, त्यांच्या हातात 'स्त्री' पडायचं. इकडं आपल्याच तालुक्यात, औदुंबरला, १९३९ साली सदानंद साहित्य मंडळ स्थापन झालं. कवी सुधांशूंच्या त्या गावी संक्रांतीला भरणारं साहित्य संमेलन आपल्यातल्या अनेकांनी मांडी घालून ऐकलं आहे. शहरापासून लांब राहूनही कला चालू ठेवायची, आणि केलेलं दुसऱ्यापर्यंत पोचवायचं, हे इथल्या माणसांना नवं नाही.

आता आपल्या काळाकडं येऊ. २२ मार्च २०२० रोजी जनता कर्फ्यू झाला. त्याच दिवसापासून प्रवासी गाड्या थांबल्या आणि किर्लोस्करवाडी स्टेशनातून नुसत्या मालगाड्याच जाऊ लागल्या. गाडीच्या आवाजावर चहा टाकणारी आपल्याकडं किती घरं होती हे तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात चार रुग्ण सापडले. बघता बघता आकडा वीसच्या पुढं गेला. मुंबई-पुण्याची वाटणारी गोष्ट एकदम शेजारच्या तालुक्यात आली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी. आपलं मोठं फाटक बंद झालं, दूधवाला पिशवी बाहेर अडकवून जाऊ लागला, आणि द्राक्षं ऐन तोडणीत असताना व्यापारी यायचे थांबले.

त्या आठवड्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर काय चालायचं ते आठवतंय ना? रुग्णांचे आकडे, अफवा, काढ्याच्या कृती, आणि "हा मेसेज दहा जणांना पाठवा". अशात दुसऱ्या गल्लीतल्या एका मुलीनं स्वतः काढलेलं चित्र टाकलं. ती दहावीला होती. तिचा भूगोलाचा पेपर तेवढा राहिला होता, तो आधी पुढं ढकलला आणि नंतर रद्दच झाला. अभ्यास करायचा की नाही हेच कळेना, म्हणून तिनं टेबलावरची नकाशाची वही, कंपास आणि बंद पेन यांचं चित्र काढलं होतं. खाली लिहिलं होतं, "पेपर नाही झाला." त्या एका चित्राला जेवढे लोक बोलले तेवढे आकड्यांना बोलले नव्हते. संध्याकाळी तिसऱ्या गल्लीतल्या वहिनींनी गॅसवरच्या पातेल्याचं चित्र टाकलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोन आली. मग वेगळा गट काढला. पहिल्या पानावर माझ्या वहीत अकरा नावं आहेत.

या अकरांतले बहुतेक शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएटपर्यंत पोचून थांबलेले. कुणी सोसायटीत कारकून, कुणी कृषी दुकानदार, कुणी बागायतदार, दोन गृहिणी, एक कंडक्टर. इंटरमिजिएटच्या दाखल्यानंतर ब्रश हातात धरलाच नाही असं सांगणारे चार जण होते.

नियम तीनच ठरले. रोज सकाळी एकानं विषय द्यायचा आणि दिवे लागणीपर्यंत चित्र टाकायचं. दुसऱ्याचं चित्र पुढं ढकलायचं नाही, स्वतःच्या हातचंच हवं. आणि नुसतं 'छान' किंवा अंगठा चालणार नाही, चित्रात काय दिसलं ते एका वाक्यात लिहायचं. हा तिसरा नियम फार कामाचा ठरला. "तुमच्या पातेल्याचा कान खरंच गरम वाटतो" असं कुणी लिहिलं की वहिनी दुसऱ्या दिवशी आणखी नेटानं काढायच्या. आपलं काम कुणीतरी सावकाश बघणार आहे, ही खात्री हौशी माणसाला पुरते.

अडचण साहित्याची होती. स्टेशनरीची दुकानं बंद. कॅमलच्या जुन्या पेटीतल्या वड्या वाळून भेगा पडलेल्या. मग हळद आली, कुंकू आलं, कोळसा, गेरू, कपड्यांची नीळ, बिटाचा रस, चहाचं पाणी. नीळ आणि हळद मिसळून हिरवा होतो का, यावर दोन दिवस वाद झाला. कागद म्हणून लग्नपत्रिकांच्या पाठी, कॅलेंडरची मागची बाजू, औषधांची खोकी. बागायतदार भाऊंनी तर द्राक्षाच्या रिकाम्या बॉक्सच्या पुठ्ठ्यावर न विकलेल्या मालाचं चित्र काढलं. घड जसे हिरवे काढले तसेच शेवटी तपकिरी रंगवले. "बेदाणा करायला टाकला," एवढंच त्यांनी लिहिलं. त्या दिवशी तिसरा नियम कुणी पाळला नाही. सगळे गप्पच होते.

ज्यांच्याकडं स्मार्टफोन नाही त्यांचं काय, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात आला. कोपऱ्यावरच्या आजी रोज पहाटे दारात ठिपक्यांची रांगोळी काढायच्या. समोरच्या घरातला पोरगा कुंपणावरून तिचा फोटो काढून टाकू लागला आणि लोकांनी लिहिलेलं मोठ्यानं ओरडून आजींना सांगू लागला. "त्यास्नी म्हणावं, उद्या एकवीस ठिपक्यांची बघा," असा आजींचा उलटा निरोप यायचा. आजींना ऐकू कमी येतं, म्हणून सगळ्या गल्लीला तो संवाद ऐकू जायचा.

हे फक्त आपल्याकडंच चाललं होतं असं नाही. त्याच मार्च महिन्यात अमेरिकेतल्या गेटी संग्रहालयानं लोकांना आवाहन केलं की घरातल्या तीन वस्तू घेऊन एखादं जुनं प्रसिद्ध चित्र साकारा आणि आम्हाला फोटो पाठवा. मूळ कल्पना नेदरलँड्समधल्या लोकांनी इन्स्टाग्रामवर सुरू केलेली. चादरी, कांदे, गाळण्या घेऊन जगभरची माणसं चित्रांतल्या राण्या-सरदार झाली. डेव्हिड हॉकनी हा इंग्रज चित्रकार तेव्हा ऐंशी ओलांडलेला, फ्रान्समध्ये नॉर्मंडीत अडकलेला. त्यानं आयपॅडवर काढलेली पिवळी डॅफोडिलची फुलं प्रसिद्ध केली, आणि वसंत ऋतू काही कुणाला रद्द करता येत नाही अशा अर्थाचं नाव त्या चित्राला दिलं. आपल्या दहावीच्या मुलीनं ते चित्र गटात दाखवलं तेव्हा कंडक्टर भाऊ म्हणाले, "आपला गुलमोहर तरी कुठं थांबलाय?" दुसऱ्या दिवशीचा विषय गुलमोहर.

गटातल्या एका माणसाबद्दल वेगळं लिहिलं पाहिजे. त्यांना आपण सगळे ड्रॉइंगवाले काका म्हणायचो. आयुष्यभर कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात पंपाचे, झडपांचे नकाशे काढून निवृत्त झालेले. ते सुरुवातीला म्हणायचे, "माझं चित्र नव्हे, माझं मोजमाप आहे." रंग कधी वापरला नाही. पेन्सिल, टी-स्क्वेअर आणि धार केलेली शिसं. 'रोज दिसतं पण बघत नाही' असा विषय आला त्या दिवशी त्यांनी आपल्या पंपरूमचा नकाशा काढला. कुठली लाइन कुठल्या गल्लीला जाते, कुठला व्हॉल्व्ह डावीकडं फिरतो, सगळं मापासकट. लक्ष्मणरावांना रंग सोडून ड्रॉइंगकडं यावं लागलं होतं हे त्यांनीच आम्हाला सांगितलं, आणि वर म्हणाले, "रेघ सरळ असली की रंगाचं भागतं."

२०२० ची दिवाळी आली, दुकानं उघडली, गटातली चित्रं रोजची आठवड्याची झाली. मग एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली. ती पहिलीसारखी नव्हती. या वेळी आकडे लांबचे राहिले नाहीत. बेडसाठी फोन, ऑक्सिजनसाठी फोन. मे महिन्यात ड्रॉइंगवाले काका गेले. मोजक्या माणसांत सगळं उरकलं, आपल्याला घरातूनच हात जोडावे लागले. त्या दिवशी सकाळी कुणी विषय दिला नाही. तरीही संध्याकाळपर्यंत नऊ चित्रं आली. सगळी पेन्सिलीची, एकातही रंग नाही. नळ, कुलूप, सायकलचं पेडल, शिलाई मशिनचं चाक. ठरवून कुणी केलं नव्हतं. माझ्या वहीत त्या तारखेपुढं विषयाची जागा कोरी आहे.

आता हे सगळं का सांगते आहे ते लिहिते. काही महिन्यांपूर्वी या लेखासाठी मी चित्रं गोळा करायला निघाले. वहीत नोंदी भरपूर, पण चित्रं निम्मीसुद्धा मिळेनात. फोन बदलले, मेमरी भरली म्हणून जुनं उडवलं, मूळ पुठ्ठे रद्दीत गेले. काकांचा फोन घरात दुसऱ्याच्या वापरात गेला आणि त्याआधी तो पुसून कोरा केला गेला. त्यांचं एकच चित्र शाबूत आहे. पंपरूमचा तो नकाशा कमिटीनं तेव्हाच लॅमिनेट करून भिंतीला लावला. आजही प्लंबर आला की आधी त्यापुढं उभा राहतो.

कागद तरी टिकतो का, असं कुणी विचारेल. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठच्या आपल्या नातेवाइकांचे लग्नाचे अल्बम, पोरांच्या वह्या, सगळ्याचा लगदा झालेला आपण पाहिला आहे. एका घरातला कागद पुरात जातो, एका हातातला फोन बिघडून जातो. टिकतं ते अनेक घरांत असलेलं. शंकररावांची मासिकं आज कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर सापडतात, ती हजार घरांत गेली होती म्हणून.

म्हणून कमिटीपुढं आणि आपणा सर्वांपुढं एक विनंती ठेवते. आपापले जुने फोन, गुगलवर साठवलेले फोटो, कपाटाचे खालचे कप्पे एकदा शोधा. मार्च २०२० ते मे २०२१ मधलं गटातलं कुठलंही चित्र सापडलं, कितीही वेडंवाकडं असलं, तरी त्याची प्रत माझ्याकडं द्या. वहीतल्या तारखेपुढं ते चिकटवू. पुरेशी जमली की एक छोटं पुस्तक छापू. एक प्रत कार्यालयाच्या कपाटात भाग दाखल्यांच्या रजिस्टरशेजारी राहील, आणि एकेक प्रत प्रत्येक घरात. आजींच्या रांगोळीचे फोटो काढणारा पोरगा आता कॉलेजला आहे. स्कॅनिंगचं काम त्यानं अंगावर घेतलंय. दर रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही दोघं कार्यालयात बसतो. येताना चित्र नसलं तरी चालेल, त्या दिवसांतलं काय आठवतं तेवढं सांगायला या. वहीत अजून बरीच पानं शिल्लक आहेत.