दुर्गाबाई व्याम आणि चित्रकथेची चौकट

चित्रकथा हे बालरंजनाचे साधन, असा समज आपल्या साहित्यविचारात दीर्घकाळ रूढ आहे. त्यामुळे श्रीमती दुर्गाबाई व्याम यांच्या कार्याची नोंद आपण आदिवासी कलेच्या सदरात करून मोकळे होतो. वस्तुतः चरित्रवाङ्मयाच्या इतिहासातही त्यांना स्थान आहे, असे आमचे मत आहे.

दुर्गाबाईंचा जन्म १९७३ साली, आमच्या बालाघाटला लागून असलेल्या मंडला जिल्ह्यातील बुरबासपूर येथे परधान कुळात झाला. गोंड यजमानांच्या वंशावळी आणि बडादेवाच्या कथा बाणा या तंतुवाद्यावर गाणे, हा परधानांचा परंपरागत व्यवसाय. शाळा त्यांना लाभली नाही. सणासमारंभी घराच्या भिंतीवर व भुईवर काढावयाचे ‘डिग्ना’ त्या बालवयातच आजीपाशी शिकल्या. पुढे पती सुभाष व्याम यांच्यासह त्या भोपाळला आल्या. सुभाष यांचे मेव्हणे जनगढसिंह श्याम यांनी भारत भवनाच्या आश्रयाने भिंतीवरील चित्र कागदावर आणले होते. २००१ साली जपानमध्ये त्यांचा अकाली अंत झाला; परंतु गाणारे कुळ चित्रांतून कथा सांगू लागले, ते त्यांच्यामुळेच.

या परंपरेचे फळ म्हणजे २०११ साली दिल्लीच्या ‘नवयान’ने इंग्रजीत प्रसिद्ध केलेले ‘भीमायन’ हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चित्रमय चरित्र. संहिता श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांची, चित्रे व्याम दांपत्याची. १९०१ सालचा गोरेगावचा तहानलेला प्रवास, १९१७ सालचे बडोद्यातील निवाऱ्याचे हाल आणि १९२७ सालचा महाडचा सत्याग्रह हे त्यातील प्रमुख प्रसंग. पाश्चात्त्य चित्रकथेत प्रत्येक प्रसंग चौकोनात बसवितात. व्याम दांपत्याने ती रीत नाकारली. माणसे चौकोनात कोंडली की गुदमरतात, अशी त्यांची भूमिका. चौकोनाच्या जागी डिग्न्याच्या वळणदार रेषा आल्या. सौम्य बोलण्याला पक्ष्याचा आकार मिळाला, तर जातिद्वेषाच्या बोलण्याला विंचवाची नांगी. वक्त्याची जात शब्दांआधी आकृतीने उघडी पाडण्याची ही युक्ती कोणत्याही अलंकारशास्त्रात शोधून सापडावयाची नाही.

ज्याला माणसांच्या वस्तीबाहेर ठेवले, त्याचे चरित्र चौकटीबाहेरच रेखाटले जावे, यात मोठे औचित्य आहे. दुर्गाबाईंना २०२२ साली पद्मश्री मिळाली. शासनाने आपले कर्तव्य केले. आता प्रश्न आपला आहे. तिरोडीसारख्या सीमेवरील गावी मराठी, हिंदी व गोंडी शेजारी नांदतात. तेथील शिक्षकाने महाडचा पाठ शिकविताना हे पुस्तक वर्गात उघडावे. बाबासाहेबांच्या चरित्रकारांची यादी सांगताना, अक्षरांऐवजी रेषांनी लिहिणाऱ्या या शेजारणीचे नाव तीत अवश्य घ्यावे. ते वगळले, तर चौकट मोडल्याचे श्रेय सांगणारे आपण नवी चौकट आखीत आहोत, असेच म्हणावे लागेल.