तळटीप १४ : नोंदी नसल्या की अ‍ॅप का बंद पडते

१४. ‘अ‍ॅप आपोआप बंद पडते’ : या बिघाडाचे एक नेहमीचे कारण म्हणजे नोंदींच्या संचाचा प्रकार न जुळणे. यादी, म्हणजे लिस्ट, नोंदी क्रमाने ठेवते. मॅप प्रत्येक नोंद तिच्या नावाखाली ठेवतो. समजा, एखादे अ‍ॅप उत्तन बंदरावरची बोंबलाची आवक बोटीच्या नावानुसार दाखवते. सर्व्हरवर पीएचपी ही भाषा असेल, तर नोंदी असताना जेसन या मजकूर-स्वरूपात महिरपी कंसातला मॅप जातो. १ जूनला पावसाळी मासेमारीबंदी सुरू होऊन नोंदी थांबल्या, की तोच संच चौकोनी कंसातली रिकामी यादी होऊन येतो. कारण पीएचपीत दोन्हींसाठी एकच ‘अ‍ॅरे’ असतो. मॅपची अपेक्षा धरून लिहिलेले कोटलिन किंवा डार्ट या भाषांमधले अ‍ॅप तिथेच कोसळते. जावात दोष आणखी लपतो. २००४ साली जावा ५ मध्ये जेनेरिक्स, म्हणजे घटकांचा प्रकार आधीच सांगण्याची सोय, आले, पण प्रोग्राम चालताना यादीतल्या घटकांचा प्रकार पुसलेला असतो. त्यामुळे चूक एका ओळीत होते आणि ‘क्लासकास्टएक्सेप्शन’ हा प्रकार न जुळल्याचा संदेश भलत्याच ओळीत दिसतो.

दोषाचा शोध घेताना स्टॅक ट्रेससोबत, म्हणजे बिघाडापर्यंतच्या ओळींच्या यादीसोबत, सर्व्हरकडून आलेले मूळ जेसन पाहावे. शून्य, एक आणि अनेक नोंदी अशा तिन्ही स्थितींत चाचणी करावी, आणि रिकामा संचही सर्व्हरने मॅप म्हणूनच पाठवावा. नुसते चूक पकडणारे ट्राय-कॅच लावून बिघाड झाकू नये. त्याने दोष तसाच राहतो आणि कोळी बांधवांना चुकीची माहिती दिसत राहते. — संपा.