आपला मोगली जपानी होता!

चाळिशीतल्या मित्रांनो, रविवारी सकाळी दूरदर्शनवर आपण जो मोगली बघायचो, तो बनला होता जपानमध्ये, १९८९ साली. आता आपली पोरं नारुतो बघतात. म्हणून या धंद्याचा इतिहास थोडा सांगतो.

१ जानेवारी १९६३. ओसामू तेझुका यांची मालिका जपानी टीव्हीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग! मग चित्रं कमी काढायची, नुसतं तोंड हलवायचं, धावण्याची तीच चित्रं पुन्हा वापरायची. आणि भाग विकला खर्चापेक्षाही कमी दरात. तूट भरून काढायची खेळण्यांच्या हक्कांतून, परदेशी विक्रीतून. त्याच वर्षी ती अमेरिकेत ‘ॲस्ट्रो बॉय’ नावानं लागलीसुद्धा. जगाची वाट तिथे उघडली.

पण दर एकदा पाडला की पडलाच. हे बातमीमागे पैसे घेणाऱ्या आम्हा वार्ताहरांना वेगळं सांगायला नको. तेझुकांची कंपनी १९७३ मध्ये दिवाळखोरीत गेली, तरी स्वस्ताईची सवय राहिली. मियाझाकींनी याचा ठपका तेझुकांवर ठेवला. मला ते अर्धंच पटतं. पुढची कित्येक वर्षं स्वस्तात काम करून घेणारे टीव्हीवाले आणि जाहिरातदार कुठे गेले?

आजही बऱ्याचदा हक्क पैसे गुंतवणाऱ्यांच्या समितीकडे, स्टुडिओला ठरलेली रक्कम, आणि नवख्या चित्रकारांना चित्रामागे मोजून पैसे. अपवाद आहेत. मियाझाकींच्या जिबलीनं चित्रकार पगारावर घेतले, क्योतो ॲनिमेशननंही.