नाकावरची पुळी

नाकावरची पुळी फोडू नये, असे आपल्याकडे जुनी माणसे बजावून सांगतात. इंदापूरच्या आमच्या घरात हा नियम दादीने घालून दिला होता. कुणाचा हात नाकाकडे गेला, की ती झटकन बाजूला करायची. त्यामागे तिच्या धाकट्या भावाचे दुःख होते. १९४० च्या सुमारास त्याने वरच्या ओठावरची पुळी पिळली. दोन-तीन दिवसांत थंडी वाजून ताप भरला, डोके ठणकू लागले. एक डोळा सुजून पुढे आला, मग दुसरा. लोक म्हणाले, नजर लागली. आठवड्याच्या आत तो गेला. वय अवघे एकोणीस.

कित्येक वर्षांनी ही हकीकत मी बारामतीच्या एका डॉक्टर स्नेह्यांना सांगितली. ते म्हणाले, “दुसराही डोळा सुजला ना? मग ती कॅव्हर्नस सायनसमधली गुठळी असणार.”

सर्दीत भरते ते सायनस वेगळे. कॅव्हर्नस सायनस म्हणजे डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या तळाशी, दोन्ही बाजूंना असलेली अशुद्ध रक्ताची गुहेसारखी पोकळी. मेंदूकडे जाणारी मोठी धमनी आणि डोळा हलवणारे मज्जातंतू हिच्यातूनच जातात. दोन्ही पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या, म्हणून एका डोळ्याचे दुखणे दुसऱ्यात उतरते. नाक आणि वरच्या ओठाकडच्या शिरांतले रक्त उलटे वाहून येथवर पोचू शकते. त्या भागाला वैद्यकशास्त्र ‘धोक्याचा त्रिकोण’ म्हणते. दादीने शास्त्र वाचले नव्हते, पण त्रिकोण तिला ठाऊक होता.

त्या काळी या रोगातून क्वचितच कुणी वाचे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये लंडनला एका बुरशीत पेनिसिलिन सापडले होते. पण ते भरपूर प्रमाणात तयार होऊ लागले दुसऱ्या महायुद्धात, आणि आधी मिळाले सैनिकांना. आपल्या देशात त्याचा सरकारी कारखाना, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९५४ मध्ये स्थापन झाला, तोही आपल्याच पुणे जिल्ह्यात, पिंपरीला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी त्याला साहाय्य केले. पुढच्याच वर्षी उत्पादन सुरू झाले. दादीचा भाऊ पंधरा वर्षे उशिरा आजारी पडला असता, तर कदाचित मी त्यांच्या मांडीवर खेळलो असतो.

आज या रोगात काही आठवडे शिरेतून प्रतिजैविके देतात, आणि जिथून जंतू शिरले तिथला पू काढून टाकतात. बहुतेक रुग्ण वाचतात. तरीही काही दगावतात, काहींची दृष्टी जाते.

पण औषधाआधी निदान हवे. पूर्वी डॉक्टर ताप आणि डोळे पाहून अंदाज बांधत. १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला, पुढे एमआरआय आला, आणि ही गुहा बाहेरून दिसू लागली. दिसणे आवश्यकच होते, कारण तिथे गाठही होते, डोक्याला मार लागून धमनीही फाटते. टोलोसा आणि हंट यांच्या नावाने ओळखली जाणारी एक सूजही तिथे येते. १९५४ मध्ये टोलोसा यांनी आणि १९६१ मध्ये हंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे वर्णन केले. स्टेरॉइड दिले, की या सुजेचे दुखणे दोन-तीन दिवसांत ओसरते. मात्र तिथे बुरशी असेल, तर तेच स्टेरॉइड घात करते.

हा घात आपण २०२१ मध्ये पाहिला. करोनातून उठलेल्या माणसांना काळ्या बुरशीने, म्हणजे म्युकरमायकोसिसने गाठले. मधुमेह वाढलेला, त्यात स्टेरॉइड घेतलेले. बुरशी नाकातून डोळ्यात, आणि डोळ्यातून याच गुहेत शिरे. २० मे २०२१ रोजी केंद्राने राज्यांना सांगितले, की साथरोग कायद्याखाली हा आजार नोंदवा. तो कायदा १८९७ चा, मुंबईच्या प्लेगच्या वेळचा. अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक गावोगाव हिंडत होते. माझ्या ओळखीच्या एका ऊसकरी शेतकऱ्याचा गाल बधिर झाला होता. दातदुखी समजून त्यांनी आठ दिवस घरीच काढले. जीव वाचला, डोळा गेला.

एका बुरशीने आपल्याला औषध दिले, दुसरीने डोळे नेले. दोन्ही वेळा प्रश्न वेळेचाच होता. दादीच्या भावाच्या वेळी औषधच नव्हते. शेतकऱ्याच्या वेळी औषध होते, आठ दिवस मात्र हातचे गेले. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण वाडीवस्तीवरून दवाखान्यापर्यंतचे पाऊल ज्याचे त्यालाच उचलावे लागते. ताप आणि डोकेदुखी, सुजलेली पापणी, पुढे आलेला डोळा, एकाची दोन दिसणे, बधिर झालेला गाल, यांतले काहीही दिसले, तर उद्यावर टाकू नका. आणि नाकावरची पुळी फोडू नका. दादीचा भाऊ गेला, त्याचा निरोप तेवढा मागे राहिला आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)